विश्लेषण : लावणी आणि प्रार्थना एकाच लेखणीतून कशी? लोकप्रिय गाण्यांत ‘काम’ आणि ‘सेवा’ हे पुरुषार्थ कसे दिसतात?

एका गाण्यात शृंगार, दुसऱ्यात लोकसेवा. दोन्हींचा कवी मात्र अनेकदा एकच, संगीतकारही तोच. सुख आणि सेवा यांना परंपरेने खरेच वेगळ्या खोल्यांत ठेवले होते का?

गणेशोत्सवाच्या मांडवात संध्याकाळी आरती होते आणि तासाभराने त्याच स्पीकरवर लावणीचा रिमिक्स लागतो. हळदीच्या कार्यक्रमात ‘नटरंग’मधल्या लावणीवर नाचलेली मंडळी आषाढात ‘लय भारी’मधल्या माउलीच्या गजरावर फुगडी घालतात. दरवर्षी यावर वाद होतो. ‘देवापुढे असली गाणी कशाला?’ असे एक बाजू विचारते. ‘सणाला मजा नको का?’ असे दुसरी म्हणते. दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते की सुख आणि सेवा, शृंगार आणि भक्ती या परस्परविरोधी गोष्टी आहेत. गाण्यांचा इतिहास पाहिला तर चित्र बरेच वेगळे दिसते.

चार पुरुषार्थ कोणते?

माणसाने आयुष्यात काय मिळवावे, या प्रश्नाला हिंदू परंपरेने चार उत्तरे दिली. धर्म म्हणजे कर्तव्य आणि नीती. अर्थ म्हणजे धन, साधने, सत्ता. काम म्हणजे सुख. त्यात शरीरसुख तर येतेच, पण संगीत, सौंदर्य, प्रेम, चव, सुगंध यांचाही समावेश होतो. चौथा मोक्ष, म्हणजे या सगळ्या बंधनांतून सुटका. यांतल्या पहिल्या तिघांना मिळून ‘त्रिवर्ग’ म्हणतात. संसारी माणसाने हे तिन्ही साधायचे असतात.

म्हणजे सुख हे या यादीत चोरून शिरलेले नाही, ते मान्य केलेले ध्येय आहे. गाणे ऐकण्याचा आनंद हाही त्याच खात्यात जमा होतो. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त चौसष्ट कलांची यादी आहे आणि तिची सुरुवात गायन, वादन, नृत्य यांनीच होते.

यात सेवा कुठे बसते?

सेवा हा पाचवा पुरुषार्थ नाही. ती धर्माच्या पोटात येते. दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, फळाची अपेक्षा न ठेवता काम करणे, समाज एकत्र राहावा म्हणून झटणे हे सगळे कर्तव्याचे भाग आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यासाठी ‘लोकसंग्रह’ हा शब्द येतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याच कर्मयोगावर भर दिला.

महाराष्ट्रात सेवेचा अर्थ ग्रंथांपेक्षा गाण्यांतून जास्त पोहोचला. पीडितांना आपले मानणाऱ्याला तुकोबांनी साधू ठरवले. गुजरातचे पंधराव्या शतकातले संतकवी नरसी मेहता यांनी दुसऱ्याची वेदना ओळखणाऱ्याला वैष्णव म्हटले आणि गांधीजींनी ते पद आपल्या प्रार्थनेत घेतले. साने गुरुजींची, प्रेमालाच धर्म मानणारी प्रार्थना मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली. याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले होते.

मात्र ‘सेवा’ या शब्दाची दुसरी बाजूही आहे. मनुस्मृतीसारख्या ग्रंथांनी शूद्रांवर इतर वर्णांची सेवा हे कर्तव्य म्हणून लादले. स्वेच्छेने केलेली सेवा आणि जन्माने गळ्यात पडलेली सेवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी गाण्यांतूनच हा फरक लोकांसमोर मांडला.

सुख मोठे की कर्तव्य? पांडवांचा वाद काय होता?

महाभारताच्या शांतिपर्वात एक रंजक प्रसंग आहे. युद्ध संपल्यावर युधिष्ठिर आपल्या भावांना आणि विदुराला विचारतो, धर्म, अर्थ आणि काम यांत श्रेष्ठ कोण? विदुर धर्माची बाजू घेतो. अर्जुन म्हणतो अर्थ, कारण साधनांशिवाय बाकीचे दोन जमत नाहीत. नकुल-सहदेव धर्माला धरून मिळवलेल्या अर्थाचा पक्ष घेतात.

भीम उभा राहतो तो कामाच्या बाजूने. त्याचे म्हणणे असे की इच्छाच नसेल तर शेतकरी नांगर धरणार नाही, व्यापारी दुकान उघडणार नाही आणि ऋषीही तपाला बसणार नाहीत. प्रत्येक कामामागे काहीतरी हवे असणे असतेच. शेवटी युधिष्ठिर मोक्षाकडे झुकतो. भीमाची बाजू मात्र ग्रंथात ठेवली गेली आणि ती हास्यास्पदही ठरवली गेली नाही.

मग मर्यादा कोणती? ‘कामसूत्र’ सांगते की तिन्ही ध्येये अशा रीतीने साधावीत की एकामुळे दुसऱ्याला इजा होणार नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात धर्माच्या विरोधात न जाणारा काम म्हणजे मीच, असे कृष्ण सांगतो. सोप्या शब्दांत, सुख घ्यायला हरकत नाही, पण त्याचा भार कोणावर पडतो ते पाहावे. गाण्यांच्या बाबतीत हा निकष फार उपयोगी पडतो.

लावणी आणि प्रार्थना एकाच हातून कशा आल्या?

सर्वात बोलके उदाहरण ग. दि. माडगूळकरांचे. अवघ्या बारा वर्षांतली त्यांची कामे पाहा.

• १९४७ : ‘लोकशाहीर रामजोशी’ या तमाशापटासाठी लेखन आणि गीते

• १९५५-५६ : पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’, सुधीर फडके यांच्या संगीतात एकूण ५६ गीते

• १९५७ : ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा, कैद्यांवर विश्वास टाकणाऱ्या जेलरची गोष्ट

• १९५९ : ‘सांगत्ये ऐका’साठी आशा भोसले यांनी गायलेली, कानातल्या दागिन्याभोवती फिरणारी खट्याळ लावणी

‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. गीतरामायण आजही रामनवमीला गावोगावी सादर होते. हे दोन्ही ऐकणारा श्रोता बहुतांशी एकच होता आणि कवी बदलल्याचे त्याला कधी वाटले नाही.

संगीतकार वसंत देसाई यांचेही तसेच. ‘रामजोशी’तल्या लावण्यांना चाली त्यांच्या. ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये लता मंगेशकर यांनी गायलेली, वाईटाला चांगल्याने उत्तर देण्याचे बळ मागणारी भरत व्यास यांची प्रार्थना त्यांचीच. ‘गुड्डी’ (१९७१) मधली, गुलजार यांनी लिहिलेली आणि वाणी जयराम यांनी गायलेली प्रार्थनाही त्यांच्याच चालीत आहे. या दोन्ही प्रार्थना चित्रपटांतून निघून थेट शाळांच्या परिपाठात गेल्या. ‘दो आँखें बारह हाथ’मागची प्रेरणाही महाराष्ट्रातलीच. औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली होती.

ही परंपरा सिनेमाने सुरू केलेली नाही. उत्तर पेशवाईतले शाहीर होनाजी बाळा शृंगारिक लावण्यांसाठी गाजले, पण घराघरांत पोहोचली ती त्यांच्या नावाने ओळखली जाणारी कृष्णाची भूपाळी. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी ‘अमर भूपाळी’ (१९५१) काढला आणि तो १९५२ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. सोलापूरचे रामजोशी तमाशात रमले म्हणून घराबाहेर पडले आणि पुढे कीर्तनकारही झाले, असे परंपरा सांगते.

खुद्द तमाशाची रचनाच पाहा. सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने. मग गवळण, त्यात कृष्ण आणि गौळणींची थट्टा-मस्करी. त्यानंतर बतावणी, लावण्या आणि वग. गवळण हा प्रकार तर वारकरी संतांनीही हाताळला. एकनाथांच्या गवळणींत प्रेमाची भाषा आहे, रोख मात्र देवाकडे आहे.

हिंदी गाण्यांत हा वाद कुठे दिसतो?

सर्वात थेट तो ‘चित्रलेखा’ (१९६४) मध्ये. भगवतीचरण वर्मा यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. नर्तकी चित्रलेखेला संन्यासी कुमारगिरी विरक्तीचा उपदेश करतो, तेव्हा ती गाण्यातून उत्तर देते. जगापासून पळणाऱ्याला देव तरी कसा सापडेल, भोग हीसुद्धा एक तपश्चर्याच आहे, असा तिचा युक्तिवाद. शब्द साहिर लुधियानवी यांचे, संगीत रोशन यांचे, आवाज लताबाईंचा. शांतिपर्वातला भीम जणू इथे मीनाकुमारीच्या रूपात बोलतो.

याच साहिर यांनी ‘हम दोनो’ (१९६१) मध्ये चिंता धुरात उडवून देणारे बेफिकीर गाणे लिहिले आणि त्याच चित्रपटात ईश्वर आणि अल्ला यांना एकत्र हाक मारून सर्वांसाठी सद्‌बुद्धी मागणारे भजनही लिहिले. संगीतकार जयदेव दोन्हींत तेच. साहिर डाव्या विचारांचे होते आणि कर्मकांडापासून दूर होते. ‘बैजू बावरा’ (१९५२) मधले गाजलेले भजन तर शकील बदायुनी, नौशाद आणि मोहम्मद रफी यांनी मिळून घडवले. पुरुषार्थांचा विचार गाण्यांत आला तो केवळ धार्मिक मंडळींच्या हातून नव्हे. त्या कल्पना इथल्या बोलीभाषांत मुरलेल्या होत्या आणि कोणीही कवी त्या उचलू शकत होता.

सेवेचा अर्थ सर्वात साध्या भाषेत सांगितला तो बहुधा शैलेंद्र यांनी. ‘अनाडी’ (१९५९) मध्ये मुकेश यांच्या आवाजात रस्त्याने चालणारा राज कपूर दुसऱ्याचे दुःख उसने घेण्यालाच जगणे म्हणतो. त्यात देव नाही, पूजा नाही. शैलेंद्र स्वतः रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये काम करत सिनेमात आले होते. श्रमालाच पूजा मानण्याचा असाच भाव मराठीत ‘साधी माणसं’ (१९६५) मधल्या लोहाराच्या गाण्यात आहे. शब्द जगदीश खेबूडकर यांचे आणि संगीत ‘आनंदघन’ या नावाने स्वतः लता मंगेशकर यांचे.

‘पिंजरा’ने नेमका काय प्रश्न विचारला?

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) हा सुख आणि सेवा यांच्या टकरीवरचा मराठीतला सर्वात गाजलेला चित्रपट. मूळ कल्पना ‘द ब्ल्यू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटाची, पण माती पूर्णपणे इथली. गावाला वळण लावणारे मास्तर तमाशाला विरोध करतात आणि तमाशातल्या नर्तकीतच गुंततात. शेवटी फडात तुणतुणे धरून उभे राहतात. गाव मात्र त्यांना मृत समजून त्यांचा पुतळा उभारते. मास्तरांच्याच खुनाचा आरोप मास्तरांवर येतो आणि गावाचा आदर्श मोडू नये म्हणून ते गप्प राहतात.

गंमत म्हणजे चित्रपट सुखाच्या मोहाबद्दल सावध करतो, पण प्रेक्षक तो पुन्हा पुन्हा पाहायला गेला त्यात राम कदम यांच्या लावण्यांचा वाटा मोठा होता. त्या लावण्या लिहिणारे जगदीश खेबूडकर स्वतः शिक्षक होते. मास्तर आणि लावणी यांत एकच निवडावे लागते, असे चित्रपटाची कथा म्हणते. गीतकाराच्या आयुष्यात मात्र दोन्ही एकत्र नांदत होते.

गाण्याने खरेच कोणाचे हात कामाला लागतात का?

सेवेचे गाणे ऐकून डोळे पाणावणे सोपे असते. तेवढ्यावर थांबले तर तेही एक प्रकारचे सुखच, म्हणजे पुन्हा कामच. पण गाणे पुढे गेल्याची ठोस उदाहरणे आहेत.

गाडगेबाबा (१८७६-१९५६) दिवसा गावात हाती झाडू घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारत, उत्तरे वदवून घेत, मग गोपाळाच्या गजरात सगळ्यांना सामील करून घेत. जमलेल्या देणग्यांतून धर्मशाळा आणि शाळा उभ्या राहिल्या. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीचे तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) खंजिरीवर भजने गात ग्रामसुधारणेचा विचार मांडत. ‘ग्रामगीते’त तो एकत्र आला.

अण्णा भाऊ साठे यांनी तर शृंगाराचा साचाच चळवळीला जोडला. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड वरवर पाहता गावी राहिलेल्या प्रिय पत्नीसाठी झुरणाऱ्या मुंबईतल्या कामगाराचे विरहगीत आहे. ऐकता ऐकता ती मैना महाराष्ट्राबाहेर राहू पाहणाऱ्या भूभागाचे रूप घेते आणि गाणे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. अमर शेख यांच्या पहाडी आवाजाने सभा गाजत. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातल्या या शाहिरांनी तमाशातल्या गणाचीही दिशा बदलली. पहिले नमन गणपतीऐवजी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना केले जाऊ लागले.

अलीकडचे उदाहरण पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचे. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोहोचली. गावकरी पहाटे कुदळ-फावडे घेऊन श्रमदानाला जमत. या मोहिमेचे ‘तुफान आलं या’ हे गाणे अजय-अतुल यांचे. ‘नटरंग’च्या लावण्या आणि ‘लय भारी’तला माउलीचा गजरही त्यांचाच. माडगूळकर आणि देसाई यांच्या काळात होती तीच पद्धत आजही सुरू आहे.

मग सुखाची किंमत कोण मोजते?

‘इजा होऊ न देता सुख’ हा निकष लावला की अवघड भाग सुरू होतो. शृंगाराच्या गाण्याचा आनंद प्रेक्षकांनी घेतला, पण तो देणाऱ्या स्त्रिया बहुतांशी कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग अशा जातींतल्या होत्या. कलेचे कौतुक झाले तरी समाजात मान मिळाला नाही. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरवण्यात आले, १९५७ आणि १९९० मध्ये. प्रयोग सुरू असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याची हकिगत सर्वश्रुत आहे. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा उपचारांसाठीही पैशांची चणचण होती. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

त्यांच्या उलट बाजूला सुलोचना चव्हाण. डोक्यावर पदर घेऊन, माइकसमोर स्थिर उभे राहून त्यांनी ठसकेबाज लावणी गायली आणि ‘लावणीसम्राज्ञी’ म्हणून मान मिळवला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर. ध्वनिमुद्रिकेतल्या आवाजाला घरात जागा मिळाली, बोर्डावर नाचणाऱ्या बाईला दारातही उभे केले गेले नाही, हा भेद या नावांत स्पष्ट दिसतो.

म्हणूनच ज्येष्ठ कलावंतांना मासिक मानधन देणारी शासकीय योजना ही कोणावर केलेली मेहेरबानी ठरत नाही. ज्यांनी आयुष्यभर इतरांना सुख दिले त्यांचे ते देणे आहे. पुरुषार्थांच्या भाषेत, कामाच्या खात्यावरची थकबाकी धर्माने फेडण्याचा तो प्रकार आहे.

मांडवातल्या वादाचे काय?

हाच निकष स्पीकरलाही लावता येतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास बंदी आहे. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. हा नियम गाणे आरतीचे आहे की लावणीचे, हे विचारत नाही. शेजारच्या खोलीतल्या आजारी माणसाला किंवा परीक्षेच्या मुलाला त्याचा त्रास होतो का, एवढेच तो पाहतो.

त्यामुळे मांडवात लावणी लावावी का, या प्रश्नाचे उत्तर परंपरेच्या आधाराने थेट ‘नाही’ असे देता येत नाही. गणाने सुरू होणाऱ्या तमाशाला आणि लावणीकारांच्या नावे भूपाळी गाणाऱ्या महाराष्ट्राला तो अधिकार उरत नाही. कार्यकर्त्यांनी विचारायचे ते वेगळेच प्रश्न आहेत. आवाज किती ठेवायचा आणि किती वाजता बंद करायचा? कार्यक्रमाला बोलावलेल्या लावणी कलावंतांची बिदागी वेळेवर दिली का? त्यांना कपडे बदलायला बंदिस्त खोली आणि रात्री परतायला गाडी मिळाली का? लावणीच्या रात्री ही व्यवस्था पाहणारा कार्यकर्ताही सेवाच करत असतो.